जुन्या बाजारातली पारख

पुण्यातल्या बऱ्याच पेठांना वारांची नावे आहेत. तरीही वार धरून भरणारा आपला जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि यात कोणत्याही पुणेकराला काही वावगे वाटत नाही. कुंभारवेशीकडून शाहीर अमर शेख चौकाकडे जाताना रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या आणि पोती अंथरलेली दिसू लागतात आणि त्यांवर एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. कुलपे नसलेल्या किल्ल्या, किल्ल्या नसलेली कुलपे, दांड्याविना हातोड्यांची डोकी, मिक्सरची भांडी, टीव्हीचे रिमोट, लष्करी पद्धतीचे बूट, नाणी, नळाच्या तोट्या, पितळी समया, आणि ज्यांचा उपयोग विकणाऱ्यालाही सांगता येत नाही असे काही लोखंडी भाग. घरात एखाद्या यंत्राचा छोटा तुकडा हरवला आणि दुकानदाराने “आता हे मॉडेल येत नाही” असे सांगून हात झटकले, की घरातले कुणीतरी वडीलधारे माणूस “जुन्या बाजारात बघ” असे म्हणतेच.

या बाजाराबद्दल लिहिताना स्वस्ताई आणि गंमत यांवर भर देण्याची पद्धत आहे. स्वस्ताई असते आणि गंमतही असते, परंतु मला तिथे खरा व्यवहार होताना दिसतो तो पारखेचा. नव्या वस्तूच्या खोक्यावर किंमत छापलेली असते, दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला ती सारखीच माहीत असते आणि फार तर सवलतीवर घासाघीस होते. जुन्या वस्तूवर काहीच छापलेले नसते. ती काय आहे, चालते का, दुरुस्त होईल का, तिचा सुटा भाग कुठे मिळेल आणि ती कुणाला हवी असेल, हे ज्याला अधिक कळते त्याच्या बाजूला किंमत झुकते. एकच वस्तू सकाळी एकाच्या नजरेला भंगार असते आणि दुपारी दुसऱ्याच्या हातात औजार होते, तेव्हा मधल्या वेळात वस्तूत काहीही बदललेले नसते.

वस्तू तिथवर कशी पोचते, हे पाहिल्याखेरीज ही पारख समजत नाही. घरातून निघालेल्या वस्तूची पहिली परीक्षा रद्दीवाल्याच्या किंवा भंगारवाल्याच्या काट्यावर होते. कागद, काच, पत्रा, बीड, पितळ, तांबे, ॲल्युमिनियम अशी वर्गवारी त्याच्या डोक्यात पक्की असते, आणि प्लास्टिकचे प्रकार तर कचरा वेचणाऱ्या बाया नुसत्या स्पर्शाने आणि चुरगाळल्यावर होणाऱ्या आवाजाने ओळखतात. पुण्यात या कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे दारोदार जाऊन कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. शहराने टाकलेल्या वस्तूंचे ज्ञान प्रथम या लोकांकडे साठते, ही गोष्ट जुन्या वस्तूंच्या हौशी खरेदीदारांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वस्तू मोडून धातूच्या भावाने द्यायची की अखंड ठेवून विकायची, हा निर्णय गोदामात होतो. मोडीचा भाव हा तिथला तळ असतो. त्याखाली सहसा कुणी उतरत नाही. त्या भावाच्या वर जो रुपया मिळतो, तो ‘ही गोष्ट अजून कामाची आहे’ हे कुणाला तरी वेळेवर कळल्यामुळे मिळतो.

काही वेळा हे कळणे पूर्णपणे एकतर्फी असते. जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारी बोहारीण माझ्या लहानपणी दुपारी यायची, आणि एका पातेल्यासाठी आईने तीन साड्या पुढे केल्या की ती “ताई, अजून एक पँट टाका” असे म्हणायची. या सौद्यात दोन्ही बाजू तयारीच्या असत. परंतु ‘जुनी जर देणार का’ अशी हाळी देत फिरणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. त्यामुळे फाटलेला शालू जाळून उरणारी चांदी कापडापेक्षा मोलाची ठरू शकते. घरातल्या बाईला शालूची आठवण ठाऊक असायची, जर घेणाऱ्याला त्यातले चांदीचे वजन अजमावता यायचे, आणि सौदा बहुधा त्याच्या मनासारखा व्हायचा.

जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले, की गाडीचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांकडे संशयाने पाहतो, भाव पडतो, आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारात यायचेच टाळतो. या मांडणीसाठी त्यांना पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जुन्या मोटारींना हे लागू पडते यात शंका नाही. पण मंगळवार पेठेतल्या ताडपत्रीवर अनेकदा याच्या नेमके उलट चित्र असते. विकणाऱ्याने माल पोत्याने उचललेला असतो आणि त्यातली प्रत्येक वस्तू त्याने वापरलेली नसते, म्हणून ती काय आहे हे घेणाऱ्याला अधिक माहीत असण्याची शक्यता असते. अशा वेळी विकणारा वस्तूकडे पाहत नाही, तो गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहतो. तुम्ही कोणती गोष्ट दोनदा उचलली, कोणती उचलून घाईने खाली ठेवली, आणि भलत्याच वस्तूचा भाव आधी का विचारला, हे सगळे त्याने टिपलेले असते. म्हणून जाणकार माणूस हवी ती वस्तू हातात घेण्यापूर्वी नको असलेल्या दोन वस्तूंची चौकशी करतो, आणि विकणाराही ही खेळी ओळखून असतो.

“मामा, हा पाना केवढ्याला?”

“कोणता, इंची का? द्या ना समजून. भवानीची वेळ आहे.”

‘द्या ना समजून’ हे वाक्य मला फार हुशारीचे वाटते. त्यात नम्रता आहे आणि परीक्षाही आहे, कारण ते ऐकून तुम्ही जो आकडा बोलता, त्यातून तुम्हाला किती समजते हेच उघड होते.

या पान्याचेच उदाहरण घेण्यासारखे आहे. आपल्या देशात वजने आणि मापे दशमान पद्धतीवर नेण्याचे काम १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाले, आणि नवी यंत्रे, दुचाक्या, मोटारी हळूहळू मिलिमीटरच्या नटबोल्टांवर आल्या. परिणामी इंची पाने बहुतेक मेस्त्रींच्या उपयोगाचे राहिले नाहीत आणि ते ढिगाने मिळू लागले. मात्र ज्याच्या कारखान्यात एखादे जुने ब्रिटिश लेथ अजून चालते, त्याला त्या मापाचा पाना दुकानात मिळणे कठीण असते, आणि तो मिळाला तर तो माणूस भावाचा विचार फार वेळ करत नाही. पान्याची परीक्षा सोपी आहे. जबड्याच्या कडा झिजून गोल झालेल्या नसाव्यात, मुलामा पापुद्र्यांनी सुटत नसावा, आणि पाना ओतीव नसून घडीव असावा. बिडाच्या वस्तूंचे तंत्र वेगळे असते. रंधा असो की बिडाचा तवा, बोटाच्या पेराने किंवा नाण्याने हलकेच ठोकल्यावर तो खणखणीत वाजला पाहिजे. आवाज बद्द आला, तर कुठेतरी तडा आहे असे समजून वस्तू खाली ठेवावी, मग ती तेल लावून कितीही चमकवलेली असो. रंध्याच्या पात्याची उरलेली लांबी पाहावी, तळ सपाट आहे का ते पट्टी लावून तपासावे, आणि पाते जिथून बाहेर येते त्या फटीजवळ तर मुद्दाम नजर टाकावी, कारण रंधा खाली पडला की तिथेच तडकतो.

ड्रिल मशीन, मिक्सरची मोटर, पाण्याचा पंप अशा विजेवर चालणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत अडचण ही असते, की रस्त्याच्या कडेला त्या चालवून पाहायची सोय प्रत्येक ठिकाणी नसते. तिथे नाक कामाला येते. मोटरमधल्या तारेचे वेटोळे, म्हणजे वाइंडिंग, जळले असेल तर वार्निशचा करपट वास महिनोन्‌महिने जात नाही, आणि तो रॉकेलने पुसल्यावरही हवा येण्याच्या जाळीपाशी जाणवतो. हाताने दांडा फिरवला असता तो अडखळू नये, बाजूला हलवला असता खेळू नये, आणि फिरताना बेअरिंगचा खरखरीत आवाज येऊ नये. एवढे जमले तर उरलेला धोका भावात वळता करता येतो. जुनी कानस विकत घेणारे लोकही मी पाहिले आहेत. दाते गेलेली कानस कानस म्हणून निरुपयोगी असते, पण तिचे पोलाद कडक असते आणि लोहाराने ती तापवून घडवली, की तिची उत्तम सुरी होते. मालमोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा कोयता होतो, तसेच हे आहे. अशा गिऱ्हाइकाला वस्तूच्या नावाशी कर्तव्य नसते, तो पोलाद घेत असतो.

याच बाजारात आणि याच्या आसपासच्या दुकानांत दुसरा एक वर्ग येतो, जो वस्तू वापरण्यासाठी घेत नाही. जुनेपणाची हौस असलेले हे लोक आहेत आणि त्यांच्यासाठी नवे जुनेपण तयार करणारा एक स्वतंत्र उद्योग देशभर चालतो. झळझळीत पितळी कर्ण्याचा, लाकडी खोक्यावर कुत्र्याचे चित्र चिकटवलेला ग्रामोफोन हे त्याचे सर्वांत ओळखीचे रूप. पेटीसारख्या जुन्या प्रवासी ग्रामोफोनमधली यंत्रणा काढायची, ती नव्या खोक्यात बसवायची, वर नवा कर्णा लावायचा, आणि ‘आजोबांच्या काळचा’ म्हणून विकायचा, असा हा प्रकार आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ हे साल आणि राम-सीतेची प्रतिमा असलेले नाणे तर इतके मिळते, की ते खरे असते तर कंपनीला दुसरे काही पाडायला सवडच मिळाली नसती. असे नाणे कंपनीने कधी चलनात आणलेले नाही. मनगटी घड्याळांचेही तसेच. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ पासून बंगळुरूत घड्याळे बनवली, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिचा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतल्यावर तिच्या जुन्या चावीच्या घड्याळांना एकदम मागणी आली. मागणी येताच डायल नव्याने रंगवलेली, कंपनीने कधीही न काढलेल्या भडक रंगांची घड्याळे दिसू लागली. त्यांचे आतले यंत्र खरे असते आणि ती वेळही बरी दाखवतात, म्हणून मला त्यात मोठा गुन्हा वाटत नाही. मूळ डायलचा भाव लावला, की मात्र ती फसवणूक होते.

पुण्याला या हौसेची एक थोर बाजूही आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, तेव्हा अडकित्ते, दिवे, वज्र्‍या, दौती, पानाचे डबे, झारे आणि दरवाजांच्या कड्या यांना कुणी कलावस्तू म्हणत नव्हते. त्यांच्या संग्रहाची संख्या पुढे वीस हजारांवर गेली, आणि तो त्यांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने शासनाच्या स्वाधीन केला. शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहताना मला नेहमी वाटते, की यातल्या कितीतरी वस्तू मोडीच्या काट्यापासून हातभर अंतरावर असतील. कागदांच्या बाबतीत हेच काम वि. का. राजवाडे यांनी केले. वाड्यावाड्यांतून धूळ खात पडलेली मोडी दप्तरे त्यांनी शोधली, आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. रद्दी आणि दस्तऐवज यांत फरक करणारी नजर तेव्हाही दुर्मीळ होती.

पेठांमधले वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या, तसे या वाड्यांचे अवयव बाजारात आले. जुने सागवान पूर्ण मुरलेले असल्यामुळे ते वाकत नाही, म्हणून सुतार त्याला मान देतात, आणि त्यात दडलेल्या खिळ्यांनी करवतीचे दात जातात म्हणून त्याला शिव्याही देतात. कोरीव खांब, तुळया आणि दरवाजे यांची आता उपाहारगृहांत टेबले होतात. मला ते फारसे रुचत नाही, पण चुलीत जाण्यापेक्षा ते बरे, हे कबूल करायला हवे. इथे एक कायदा मध्ये येतो, ज्याची कल्पना हौशी खरेदीदारांना बहुधा नसते. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावशेष ठरू शकते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची आहे, अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे विकणारा “शंभर वर्षांपूर्वीची आहे, काका” असे छातीठोक सांगतो, तेव्हा तो भाव वाढवण्याच्या नादात नकळत भलतीच कबुली देत असतो. बहुतेक वेळा ती वस्तू तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असते, हे त्याचे भाग्य.

जुन्या बाजाराचा विषय निघाला, की “तिथे चोरीचा माल असतो” हे वाक्य येतेच. सगळ्या विक्रेत्यांना एका ओळीत चोर ठरवणे अन्यायाचे आहे, परंतु प्रश्न खोटा नाही, आणि त्याचे कायदेशीर उत्तर ग्राहकाला फारसे अनुकूलही नाही. इंग्लंडात शतकानुशतके असा नियम होता, की उघड्या बाजारात, दिवसाउजेडी, सचोटीने घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी ती घेणाऱ्याचीच राहते. हा नियम तिथे १९९४ च्या कायद्याने रद्द झाला. आपल्याकडच्या वस्तू विक्री अधिनियम, १९३० मध्ये ही सवलत मुळातच नाही. कलम २७ चा सर्वसाधारण नियम असा, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराकडे हक्क नसतो, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्याकडेही येत नाही, आणि वस्तू चोरीची आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असून घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तो गुन्हा होतो. पान्याच्या बाबतीत या सगळ्याचा विचार कुणी करत नाही, पण मोबाइलच्या बाबतीत तो केलाच पाहिजे. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की त्या फोनची ओळख असलेला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो, आणि हरवलेले व चोरीचे फोन रोखण्यासाठी मे २०२३ पासून देशभर सुरू झालेल्या सीईआयआर या सरकारी व्यवस्थेत तो क्रमांक चोरीचा म्हणून रोखलेला आहे का, हे घेण्यापूर्वी तपासता येते. ज्याला तुम्ही हे तपासलेले चालत नाही, त्याच्याकडून फोन घेऊ नये.

या कायद्यांहून जुना असा एक घरगुती नियमही आपल्यात आहे, आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. तान्ह्या बाळाला सुरुवातीचे काही दिवस नवे कपडे न घालता घरातल्या मोठ्या भावंडांचे अंगडे घालण्याची, आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी शिवण्याची आपल्याकडे रीत आहे. नात्यातला पाळणा चार घरे फिरून आलेला असला, तर तो अधिक शुभ मानतात. जुन्या साड्यांच्या गोधडीची ऊब सगळ्यांना हवी असते. तेच पांघरूण अनोळखी माणसाकडून विकत घ्यायचे म्हटले, की “कुणाचे असेल कोण जाणे” असे म्हणून नाक मुरडले जाते. आपल्याला वस्तूच्या जुनेपणाचे वावडे नाही, तिचा आधीचा मालक अनोळखी असण्याचे आहे. शनिवारी लोखंड विकत घेऊ नये असे मानणारे लोक रविवारी जुन्या बाजारात लोखंड खुशाल घेतात, यात मात्र शनीची सोय आहे की आपली, हे मला आजवर कळलेले नाही.

या वावड्याला पुण्यात एक मोठा अपवाद आहे आणि तो पुस्तकांचा. अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तके निम्म्या किमतीच्या आसपास घेणे आणि वर्ष संपल्यावर ती आणखी कमी भावाने परत देणे, हे मध्यमवर्गीय घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केले, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. अभियांत्रिकीला गेलेल्या मुलाने वरच्या वर्षातल्या मुलाकडून आकृत्या काढायचा ड्राफ्टर आणि वर्कशॉपचा ॲप्रन घ्यायचा, हाही त्याच रीतीचा भाग. स्पर्धा परीक्षांसाठी सदाशिव पेठेत येऊन राहणारी मुले तर सगळा संसारच असा चालवतात. कॉट, गादी, टेबल, पंखा आणि संदर्भग्रंथांचा गठ्ठा खोली सोडणाऱ्याकडून खोलीत येणाऱ्याकडे जातो. पुस्तकात आधीच्या मुलाने पेन्सिलीने केलेल्या खुणा असल्या, तर तिथे किंमत वाढतेसुद्धा, विशेषतः तो मुलगा पास झाला असेल तर. या बाजाराला मारणारी गोष्ट म्हणजे अभ्यासक्रम बदलणे. बालभारतीने दहावीची पुस्तके २०१८ मध्ये बदलली, त्या जूनमध्ये आधीच्या वर्षीचे गठ्ठे रद्दीच्या भावाला आले. त्यानंतर २०२३-२४ पासून काही इयत्तांची पुस्तके चार भागांत आणि मधे लिहिण्यासाठी कोरी पाने घालून छापली गेली. दप्तराचे ओझे कमी करण्याचा हेतू चांगला होता, परंतु मुलाने ज्यावर लिहून भरले ते पुस्तक पुढच्या मुलाला देता येत नाही, याचा विचार त्या वेळी झालेला दिसला नाही. पुढे ही पद्धत मागे घेतली गेली, तेव्हा पुस्तके पुन्हा हात बदलण्याजोगी झाली.

मोबाइलवरच्या ॲपांनी आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांनी हा व्यवहार घराच्या कोचावर आणून ठेवला आहे, आणि सोफा किंवा कपाट विकण्यासाठी ते सोयीचे आहे, यात वाद नाही. मात्र छायाचित्रात वास येत नाही, बेअरिंगची खरखर ऐकू येत नाही, आणि बिडाचा तवा ठोकून पाहता येत नाही. त्यामुळे पारखेची जागा संशयाने घेतली आहे. “फायनल किती?” हा पहिलाच प्रश्न येतो. त्यातच पैसे पाठवतो असे सांगून क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारे भामटे शिरले आहेत. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी या जाळ्यातून बहुतेक सुटका होते.

रस्त्यावरच्या बाजाराचे मात्र असे सोयीस्कर स्थलांतर होत नाही. नदी, पूल, मेट्रोचे मंगळवार पेठ स्थानक आणि वाढत गेलेली वाहतूक यांच्या मधे या बाजाराची जागा आहे, आणि त्याला इथून हलवावे अशी चर्चा अधूनमधून निघत असते. वाहनचालकाची तक्रार मला समजते. रविवारी त्या रस्त्याने गाडी काढणे हा खरोखर वैताग आहे. पथविक्रेता अधिनियम, २०१४ मध्ये या बाबतीत एक महत्त्वाची तरतूद आहे. ज्या नैसर्गिक बाजारांत, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाइके पूर्वापार आपणहून जमत आलेल्या ठिकाणी, विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करत आले आहेत, ते वारसा बाजार म्हणून घोषित करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांचे स्थलांतर करू नये, असे त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत म्हटले आहे. पक्के गाळे बांधून द्यावेत हा उपाय ऐकायला उदार वाटतो, पण तो सुचवणाऱ्यांनी या धंद्याचा आठवडा पाहिलेला नसतो. दोन दिवस विक्रीचे असतात आणि उरलेले दिवस गोदामे धुंडाळणे, माल उचलणे, तो पुसणे आणि जोडणे यांत जातात. गाळ्याचे भाडे मात्र महिन्याच्या सगळ्या दिवसांचे द्यावे लागेल, आणि ते निघण्यासाठी विक्रेत्याला रोज विकला जाणारा, एकसारखा, म्हणजे नवा माल ठेवावा लागेल. मग तिथे चिनी पाने आणि प्लास्टिकचे डबे मिळतील, आणि इंची पाना शोधणाऱ्या मेस्त्रीला दुसरीकडे जावे लागेल.